नाणेघाटाची वाट

जुन्नरहून कोकणात उतरावयाचे, तर मुख्य मार्ग दोन. एक माळशेज घाटाचा. तो रुंद आहे, डांबरी आहे, आणि त्यावरून मालमोटारी रात्रंदिवस घरघरत असतात. एसटीत बसलेला उतारू एक डुलकी काढून जागा होतो, तोवर गाडी घाट उतरून गेलेली असते. दुसरा मार्ग नाणेघाटाचा. तो जुन्नरच्या पश्चिमेस घाटघर गावापर्यंत सडकेच्या सोबतीने जातो; पुढे एका अरुंद नाळेत शिरतो; आणि दगडी पायऱ्यांनी, मग रानातून, खाली वैशाखरे गावी उतरतो. घाटघरच्या पठारापर्यंत आज मोटार येते खरी. पण नाळेच्या तोंडाशी तिला थांबावेच लागते. तेथून पुढे ज्याला जायचे, त्याने पायांनीच जावे.

आज ही वाट आडबाजूची वाटते. एके काळी मात्र दख्खनचे दार म्हणजे हीच वाट होती. सातवाहन राजांची राजधानी गोदावरीकाठी पैठणला होती, आणि परदेशांशी व्यापार करणारी बंदरे समुद्रकाठी सोपारा आणि कल्याण येथे होती. मध्ये सह्याद्रीची भिंत. ती ओलांडण्यासाठी डोंगराच्या खिंडीत वाट खोदण्यात आली आणि त्या वाटेच्या डोक्याशी जुन्नर भरभराटीस आले. जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांत, दान देणाऱ्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत स्वतःस ‘यवन’ म्हणवणारेही काही आहेत. इतक्या दूरची माणसे येथवर आली, राहिली, आणि डोंगरात आपले नाव कोरण्याइतकी येथे रमली. त्यांतली किती या वाटेने चढून आली असतील!

एका वर्षी भाद्रपद संपत आला असता या वाटेला दोन वाटसरू लागले. एक आजोबा आणि एक त्यांचा नातू. आजोबा जुन्नरच्या बाजूच्या एका शाळेत शिक्षक होते. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली होती. नातू सातवीत होता. जुन्नर ते वैशाखरे पायी जायचे, वाटेत कोणत्याही वाहनाला हात करायचा नाही, असा निश्चय नातवाने केला होता आणि तो वर्गातील निम्म्या मुलांना सांगूनही ठेवला होता.

आजोबांचा हेतू निराळा होता. वैशाखरे हे त्यांच्या आईचे माहेर. साठ वर्षांपूर्वी, पाऊस ओसरला की आई त्यांना घेऊन या वाटेने माहेरी जात असे. पाठीशी गाठोडे, हाती काठी आणि दुसऱ्या हाताला मुलगा. ती वाट एकदा नातवाला दाखवावी, असे आजोबांच्या मनात पुष्कळ दिवस होते. दरवर्षी काही ना काही अडचण येई. या वर्षी त्यांचे गुडघे दुखू लागले, आणि मग मात्र त्यांनी बेत पुढे ढकलला नाही.

पहिल्या दिवसाविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. शिवनेरी पाठीमागे राहिला, उन्हे वर आली, सडकेच्या कडेने चालता चालता मोटारींची धूळ खावी लागली. सुमारे तीस किलोमीटरांच्या त्या वाटचालीपैकी आपटाळ्यापर्यंतचा भाग कसाबसा पार पडला आणि तेथे आजोबांच्या गुडघ्यांनी हात टेकले. ते एका दगडावर बसले आणि घाटघरकडे जाणाऱ्या एसटीची वाट पाहू लागले. नातू काही बोलला नाही. पण गाडीत बसल्यावर त्याने तोंड खिडकीकडे वळवले, ते घाटघर येईपर्यंत.

रात्री घाटघरला एका ओळखीच्या घरी मुक्काम झाला. जीवधन किल्ल्याचा काळा कडा गावाच्या अगदी माथ्यावर आल्यासारखा दिसतो. चुलीपुढे तांदळाची भाकरी खाताना नातवाचा रुसवा विरघळला. सकाळी दोघे निघाले, तेव्हा भाताच्या खाचरांवर धुके उतरले होते. बांधाबांधांवर सोनकीची पिवळी फुले फुललेली होती. परंतु चार हातांपलीकडचे फूल दिसत नव्हते. घरधनी बाहेर येऊन म्हणाले, “गुरुजी, धुकं फाटू द्या, मग निघा.” आजोबांनी आकाशाकडे पाहिले, म्हणजे जेथे आकाश असावयास हवे तिकडे पाहिले, आणि म्हणाले, “खाली उतरलो की फाटेल.” हा त्यांचा अंदाज चुकला, हे येथेच सांगून ठेवावे.

पठार ओलांडून नाळेच्या तोंडाशी आले, तेव्हा धुक्यातून प्रथम दगडी रांजण दिसला. चांगला थोरला, तोंडाशी गोल, ऊनपावसाने काळवंडलेला. या वाटेने जाणारे व्यापारी जकातीची नाणी या रांजणात टाकीत, आणि त्यावरूनच घाटाला नाणेघाट हे नाव पडले, असे परंपरा सांगते. नातवाने रांजणात डोकावून पाहिले. आत पावसाचे पाणी आणि चार सुकी पाने होती. त्याने खिशातून एक रुपया काढला, थोडा विचार केला आणि तो परत खिशात ठेवला.

तेथून नाळ सुरू होते. दोन्ही बाजूंस उंच कडे, मध्ये एका वेळी दोनचार माणसांनी चालावे इतकी जागा आणि पायांखाली दगड. पाझरणाऱ्या पाण्याचा थेंब थेंब आवाज कड्यांमध्ये घुमत होता. कोठे तरी शीळकरी कस्तुर शीळ घालीत होता. हा पक्षी एखाद्या मुलाने गाण्याची ओळ अर्धवट विसरून पुन्हा पुन्हा आरंभ करावा, तशी शीळ घालतो. नाळ उतरून गेले की कड्यात खोदलेली चौकोनी गुहा लागते. आत तीन बाजूंना दगडी बाक आहेत. हजारो वाटसरूंनी येथे पाठ टेकली असेल.

आजोबाही टेकले. नातू भिंतींजवळ गेला. डाव्या आणि उजव्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत अक्षरे कोरलेली होती. जागोजागी दगड झिजून ती पुसट झाली होती. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या काळातला हा लेख आहे. राजाने केलेल्या यज्ञांची नावे त्यात आहेत, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाणी यांच्या संख्याही आहेत. त्या संख्या अंकचिन्हांनी लिहिलेल्या असल्यामुळे, आपल्या देशातील अंकांचा इतिहास शोधणाऱ्या विद्वानांना या गुहेपाशी थांबावेच लागते. शून्य लिहिण्याची रीत त्या लेखकाजवळ नव्हती. दहासाठी एक चिन्ह, शंभरासाठी दुसरे, हजारासाठी तिसरे. नातवाला गणिताची फारशी गोडी नव्हती, तरी त्याने भिंतीला हात न लावता, बोट हवेत फिरवून ती चिन्हे गिरवून पाहिली.

“आणि इथं काय होतं, आजोबा?” समोरच्या भिंतीकडे वळून त्याने विचारले.

समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी आणि इतर काही. नावे वर कोरलेली आहेत, म्हणून ती कळतात. मूर्ती मात्र राहिलेल्या नाहीत. त्यांच्या ठिकाणी उरल्या आहेत, त्या काही पावलांच्या खुणा.

नातू हसला. “म्हणजे राजांचेसुद्धा पायच राहिले!”

आजोबांनी मान हलवली. थोड्या वेळाने ते म्हणाले, “माझी आई याच बाकावर बसून मला भाकरी द्यायची. तिला अक्षरओळख नव्हती. भिंतीवर काय लिहिलंय, असं मी विचारलं की म्हणायची, मोठा हो, शाळेत जा आणि मग मला सांग.”

“मग तुम्ही सांगितलंत?”

“सांगितलं. पण फार उशिरा. शिक्षक झालो, पुस्तकं वाचली, तेव्हा कुठं मला समजलं. तोवर ती म्हातारी झाली होती, घाट चढण्याउतरण्याजोगी राहिली नव्हती. मी तिला सगळं वाचून दाखवलं. इतक्या गाई, इतके घोडे, इतके हत्ती. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि पायऱ्या कुणी घातल्या, त्यांची नावं आहेत का रे?’”

“आहेत?”

“नाहीत.”

गुहेबाहेर धुके तसेच दाटलेले होते. पाण्याची खोदीव टाकी वाटेच्या कडेला दिसली, न दिसली. दोघे पायऱ्या उतरू लागले. येथे वाटेची घडण पाहण्यासारखी आहे. पायऱ्या एकसारख्या नाहीत. कोठे कातळच खोदलेला, कोठे मोठाले दगड बसवलेले. चढ अंगावर येऊ नये, म्हणून वाट वळणे घेत उतरते. लादलेल्या बैलाला जो चढ झेपेल, तोच मालवाहतुकीच्या वाटेला परवडतो; म्हणून अशा वाटा सरळ रेषेच्या मोहात पडत नाहीत. आजोबा काठी टेकीत, एकेका पायरीवर दोन्ही पावले ठेवीत उतरत होते. प्रत्येक दगडाच्या मधोमध उथळ वाटीसारखा खळगा पडलेला होता आणि त्यात पाणी साचलेले होते.

“हे खळगे पाहिलेस?” आजोबा म्हणाले. “पाथरवटानं केलेले नाहीत. पायांनी पडलेत. एकदा याच दिवसांत असंच धुकं होतं. आईनं वहाणा काढून हातात घेतल्या. म्हणाली, डोळ्यांना दिसत नाही, पण पायांना कळेल. गुळगुळीत लागलं की वाट, खरखरीत लागलं की रान. मी तिच्या लुगड्याचा सोगा धरून उतरलो.”

नातवाने ‘हं’ म्हटले. पण त्याचे लक्ष पुढे होते. आजोबांच्या संथ चालीने तो कंटाळला होता. कालचा एसटीचा सल मनात कोठे तरी होताच; निदान घाट तरी भराभर उतरून दाखवावा, असे त्याला वाटत होते. पायऱ्या विरळ होऊन जेथे झाडी लागते तेथे, “मी थोडा पुढं जाऊन थांबतो,” असे म्हणून तो निघाला; आणि आजोबांनी ‘नको’ म्हणण्यापूर्वी धुक्यात दिसेनासाही झाला.

पाच-सात मिनिटे तो पळतच होता. वाट सोपी वाटत होती, सरळ खाली जात होती. मग ती एका करवंदीच्या जाळीखाली शिरली. तो वाकून पलीकडे गेला. पुढे ती आणखी अरुंद झाली, तिला दोन फाटे फुटले, आणि दोन्ही फाटे गवतात संपले. तेथे शेणाचा एक जुना पोहो पडलेला होता. आपण गुरांच्या वाटेला लागलो, हे त्याच्या ध्यानी आले. गुरे पाल्यासाठी वाटेल तेथे शिरतात; त्यांच्या वाटेला गाव असतेच असे नाही.

तो मागे वळला. आणि मागेही सारे सारखेच दिसत होते. चार झाडे, त्यांच्यामागे पांढरेपणा. आपण कोणत्या बाजूने आलो, तेच त्याला सांगता येईना. त्याने हाक मारली, “आजोबा!” हाक धुक्यात शिरली आणि कड्यावर आपटून निराळ्याच बाजूने परत आली. मग आजोबांचा आवाज आला. परंतु तो वरून येतो आहे की डावीकडून, हे कळेना. कोठे तरी, फार दूर नाही अशा ठिकाणी, ओढा खोल कोसळत होता.

मुलगा आवाजाच्या रोखाने दोन पावले सरकला. पायाखालचा मुरूम निसटला आणि काही खडे घरंगळत खाली गेले. खाली पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. तो जागच्या जागी बसला. छाती धडधडत होती. घर आठवले, आई आठवली, आणि वर्गात मारलेल्या बढायाही आठवल्या.

“जागेवरच थांब!” आजोबांचा आवाज पुन्हा आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा, ठाम आवाज. “माझ्या आवाजामागं येऊ नकोस. मध्ये घळ असेल. आलास तसाच मागं जा. पायाखाली पाहा.”

पायाखाली पाहा! धुक्यात पायाखालचे तेवढे दिसत होते. मुलाने खाली पाहिले. दगड होते, पण ते शेवाळलेले, कंगोरेदार होते. त्याने क्षणभर विचार केला. मग बूट आणि मोजे काढले, बुटांच्या नाड्या एकत्र बांधून ते गळ्यात अडकवले आणि चढाच्या दिशेने एक पाऊल टाकले. पावलाला टोचले. दुसरे टाकले, चिखल लागला, आणि त्या चिखलात त्याला त्याच्याच बुटाचा ठसा दिसला. ठशाचे तोंड खाली होते. म्हणजे वर जावयाचे. करवंदीची जाळी आली. तिच्या काट्याने बाही फाडली. पलीकडे पुन्हा टोचणारे दगड, ओली पाने, एक मूळ. पाच मिनिटांत उतरलेली ती वाट चढताना संपेचना. तो पाऊल टाकी, चाचपी, मग दुसरे पाऊल टाकी.

आणि एका पावलाला गार, गुळगुळीत लागले. त्याने वाकून पाहिले. दगडाच्या मधोमध उथळ वाटी होती आणि वाटीत पाणी होते. त्याने हाताने पुढचा दगड चाचपला. तोही तसाच. त्याच्या पुढचाही. उतारणीच्या बाजूला दगड रचून वाटेला ताल दिलेली होती. उतरताना ती त्याच्या दृष्टीसच पडली नव्हती. वाट येथे डावीकडे वळत होती, आणि तो पळता पळता सरळ गेला होता.

“सापडली!” तो ओरडला. “आजोबा, वाट सापडली!”

“तिथंच बैस,” आजोबा म्हणाले.

काठीचा टक्‌ टक्‌ आवाज जवळ येऊ लागला. तो फार सावकाश येत होता, आणि मुलाने त्या सावकाशपणाबद्दल या वेळी मनातही तक्रार केली नाही. प्रथम काठी दिसली, मग आजोबा. ते नातवाशेजारी दगडावर बसले. रागावले नाहीत. त्यांनी पाण्याची बाटली काढली. पण तिचे झाकण त्यांच्याने उघडेना. हात थरथरत होता. नातवाने बाटली घेतली, झाकण उघडले आणि ती त्यांच्या हाती दिली.

“आजोबा, तुम्हाला भीती वाटली?”

“वाटली.”

“पण तुमचा आवाज तर तसा नव्हता.”

“आवाज तसा असून चाललं नसतं,” आजोबा म्हणाले. घोटभर पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी नातवाच्या पायांकडे पाहिले. एका अंगठ्यातून रक्त येत होते. त्यांनी रुमाल फाडून पट्टी बांधली. “बूट घाल आता.”

“थोडा वेळ असाच चालतो,” नातू म्हणाला.

पुढची वाट दोघांनी बरोबर चालून पार केली. पुढे नातू, एक हात मागे. मागे आजोबा, एक हात पुढे. धुके फाटले ते अर्ध्या घाटाखाली. ते एकाएकी वर उचलले गेले, आणि मागे वळून पाहतात तो सह्याद्रीचा कडा डोक्यावर उभा, त्याच्या टोकाशी नानाचा अंगठा, आणि कड्यावरून लोंबणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या दोऱ्या. आपण तेथून उतरलो, हे मुलाला खरे वाटेना. ती फट, जिला नाळ म्हणतात, ती खालून दिसतसुद्धा नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी खालून पाहून म्हटले असेल, की येथून वर जाता येईल. त्याची नजर केवढी पक्की असली पाहिजे!

पुढे ओढे आले, सागाची झाडी आली. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बायका समोरून आल्या आणि वाट देण्यासाठी हे दोघे कडेला थांबले. मोळीवालीला थांबावे लागू नये, हा रानवाटेचा नियम आहे. त्या अनवाणी होत्या. नातवाने त्यांच्या पावलांकडे पाहिले आणि मग आपल्या अंगठ्याच्या पट्टीकडे.

दुपार कलताना गाडीरस्त्याचा आवाज ऐकू येऊ लागला. तो माळशेजहून कल्याणकडे जाणारा रस्ता. एवढ्या शांततेनंतर तो आवाज मोठा उर्मट वाटला. वैशाखऱ्यात शिरल्यावर आजोबा एका ठिकाणी थबकले. तेथे एक नवे, पक्के घर होते, आणि पुढे मोटारसायकल उभी होती. त्यांच्या मामाचे घर येथेच होते. मामा नव्हते, घरही नव्हते; परसातला आंबा मात्र तोच होता. आजोबा त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

घरातून एक बाई बाहेर आल्या. त्या यांना ओळखत नव्हत्या, हेही त्यांना ओळखत नव्हते. पण दारी दमलेली माणसे उभी आहेत, एवढे त्यांना पुरेसे होते. त्यांनी तांब्या भरून पाणी आणले आणि ओटीवर चटई टाकली.

“कुठून येणं झालं, बाबा?”

“जुन्नरहून,” आजोबा म्हणाले.

बाईंनी रस्त्याकडे पाहिले. “गाडीनं?”

उत्तर देण्याचा मान आजोबांनी नातवाकडे सोपवला. मुलगा क्षणभर थांबला. त्याचे बूट अजून गळ्यातच होते.

“आपटाळ्यापासून घाटघरपर्यंत एसटीनं आलो,” तो म्हणाला. “बाकी सगळं चालत.”